वहिनीच्या डब्यातल्या पुड्या

वहिनीची शिडी आमच्या बाहेरच्या खोलीत दारामागे उभी असते आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या कोपराला लागते. मी शंभरदा सांगितलं असेल, गॅलरीत ठेव म्हणून. ती म्हणते, गॅलरीत ऊनपावसानं लाकूड फुगेल, ताई. म्हणजे माणसांची कोपरं सोलवटली तरी चालतील, शिडी फुगता कामा नये. अकरा पायऱ्यांची आहे. वहिनी लोकांचे पडदे शिवते आणि त्यांच्या घरी जाऊन ते लावूनही देते. तिचं म्हणणं, शिवायला काय, कुणीही शिवेल, पडदा सरळ पडतो की नाही ते वर चढणाऱ्यालाच कळतं. माझ्या भावाशी लग्न करून ती या घरात आली तेव्हा ही शिडी घेऊनच आली होती. भाऊ जाऊन आता नऊ वर्षं झाली. घरात आम्ही दोघी आणि शिडी.

मी लग्न केलं नाही. चौतीस वर्षं चहाच्या कारखान्यात चहा चाखायचं काम केलं. लांबलचक टेबल, त्यावर पांढऱ्या कपांची रांग, हातात चमचा. चमच्यातला चहा जोरात भुरका मारून आत ओढायचा, जिभेवर सगळीकडे फिरवायचा, बाजूच्या बादलीत थुंकायचा आणि पुढच्या कपाकडे सरकायचं. दिवसाला दोनशे कप. कुठल्या मळ्यातला, कुठल्या महिन्यातला, वाळवताना कुणी आळस केला, सगळं मी सांगायची. कारखान्यात मला 'जीभ' म्हणायचे. तोंडावर नाही, पण मला ऐकू यायचं. ते नाव चाखण्यावरून पडलं की बोलण्यावरून, ते मी कधी विचारायला गेले नाही.

तर गेल्या वर्षी वहिनीचं मनगट मोडलं. शिडीवरून पडून नव्हे, हे ती आजही सगळ्यांना आवर्जून सांगते. फुटपाथवरून उतरताना पाय मुरगळला आणि हात टेकला, एवढंच. प्लास्टर निघालं तेव्हा हाडांचे डॉक्टर म्हणाले, इतक्या साध्या पडण्यानं मनगट मोडायला नको होतं, हाडांची घनता मोजून घेऊ. मी सोबत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वय विचारलं आणि म्हणाले, तुमचीही घेऊ. मी म्हटलं, मी कुठे पडले? ते म्हणाले, म्हणूनच.

मोजणं सोपं असतं. टेबलावर उताणं झोपायचं, अंगावरून यंत्राचा एक हात सावकाश सरकत जातो, आणि कागदावर एक आकडा येतो. तरुण बाईच्या हाडांच्या मानानं आपली किती कमी, ते त्यात सांगतात, म्हणून तो आकडा उण्यात असतो. माझा उणे दोन. वहिनीचा उणे दोन पूर्णांक तीन.

'उणे अडीचला पोचलात की हाडं ठिसूळ होण्याचा आजार धरायचा,' डॉक्टर वहिनीला म्हणाले. 'मग औषध सुरू, आणि शिडी बंद.'

'आत्ता शिडी चालू आहे ना?' वहिनीनं विचारलं.

'आत्ता चालू आहे. पण जपून.'

तिनं मान हलवली आणि पर्स उचलली. तिला जे ऐकायचं होतं ते तिनं ऐकलं होतं. मला मात्र तो मधला आकडा दिसत राहिला. अडीच आणि दोन पूर्णांक तीन यांच्यामध्ये आहे काय, चिमूटभर. आणि वहिनीची शिडी काढून घेतली तर वहिनीत उरणार काय, हे मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. भाऊ गेला त्या आठवड्यात ही बाई जेवली नाही, झोपली नाही, कुणाशी बोलली नाही. नवव्या दिवशी शिडी खांद्यावर टाकून कुणाच्या तरी जेवणघराचे पडदे लावायला गेली आणि संध्याकाळी आल्यावर म्हणाली, ताई, भूक लागली. त्या शिडीचे माझ्यावर उपकार आहेत. कोपराला लागते ती गोष्ट वेगळी.

त्याच दवाखान्याच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. हाडांची घनता कमी असलेल्या बायका हव्या आहेत, एका औषधी पाल्याच्या चहाचा हाडांना उपयोग होतो का ते वर्षभर बघायचं आहे. चहा म्हटल्यावर माझे कान टवकारले. खरं तर त्याला चहा म्हणणं मला मान्य नाही. चहा म्हणजे चहाचं पान, बाकी सगळा काढा. पण ते जाऊ दे.

हा अभ्यास करणारी मुलगी तिशीची असेल, केस वर बांधलेले, बोलताना पेनाचं टोपण काढायची आणि लावायची. आम्ही तिचं नाव पुडीवाली ठेवलं. तिनं समजावून सांगितलं. अर्ध्या बायकांना खऱ्या पाल्याच्या पुड्या, अर्ध्यांना खोट्या. खोटी म्हणजे दिसायला तशीच, चवीला तशीच, पण आत औषधी काही नाही. कुणाला काय मिळालं ते बायकांनाही माहीत नाही आणि तिलाही नाही. वर्षभर रोज दोन कप. जोडीला कॅल्शियमच्या गोळ्या आणि रोजचं चालणं सगळ्यांनाच. वर्षानं पुन्हा मोजायचं.

'एका घरातल्या दोघी मी घेतल्या नसत्या,' ती म्हणाली. 'पण मला अजून बायका हव्या आहेत. डबे वेगळे ठेवायचे. एकमेकींच्या डब्याला हात लावायचा नाही. अदलाबदल झाली तर माझं वर्ष फुकट जाईल.'

'आम्ही काय लहान आहोत?' मी म्हटलं आणि सही ठोकली.

डबे पत्र्याचे, झाकणावर आकडा. आत साठ पुड्या, मऊ कागदाच्या, तोंडाशी दोऱ्यानं शिवलेल्या. माझा सतरा नंबर, वहिनीचा चव्वेचाळीस. स्वयंपाकघरातल्या फळीवर माझा डबा डावीकडे, तिचा उजवीकडे.

पहिल्या दिवशी सकाळी मी दोन कप केले. माझा चाखला. आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले. त्या पुडीवालीच्या काढ्याकडून माझी काडीची अपेक्षा नव्हती, पण हा चांगला होता. भरलेला, दम असलेला, आणि गिळून झाल्यावर मागून एक बारीक कडवटपणा, ओळखीचा, छान. मनात म्हटलं, जीभबाई, नशीब काढलंस, खरा तुझ्याच वाट्याला आला.

वहिनी आंघोळीला गेली होती. तिचा कप समोर निवत होता. आता चौतीस वर्षांची सवय, समोर कप आला की चमचा आपोआप जातो. मी एक भुरका मारला. पेंढा. ओला पेंढा गरम पाण्यात बुडवला तर जे लागेल ते. मागे काही नाही, पुढे काही नाही. दुसरा भुरका मारला, उगाच कुणावर अन्याय नको. पेंढाच.

मला दोन मिनिटंही लागली नाहीत. म्हणजे जिचं शिडीवर पोट आणि शिडीवरच जीव, जी अडीचच्या काठावर उभी, तिला नुसतं रंगाचं पाणी, आणि मी, जिचं सगळं आयुष्य खुर्चीत बसून थुंकण्यात गेलं, तिला औषध. हे कुणी ठरवलं? कुणीच नाही, चिठ्ठ्या टाकून ठरलं. मग चिठ्ठ्यांची चूक मी दुरुस्त केली तर कुणाचं काय बिघडलं? पुडीवालीची आठवण झाली, नाही असं नाही. पण पुडीवालीकडे शंभर बायका होत्या आणि माझ्याकडे एकच वहिनी.

दुपारी ती माप घ्यायला बाहेर पडली, तसे मी दोन्ही डबे टेबलावर उपडे केले. तिच्या पुड्या माझ्या डब्यात, माझ्या तिच्या डब्यात. झाकणं जागच्या जागी. डबे फळीवर, माझा डावीकडे, तिचा उजवीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं आपल्या डब्यातली पुडी काढली आणि उजेडाकडे धरली. उलटी केली, सुलटी केली. माझ्याकडे बघितलं.

'पाणी उकळलं का हो?' ती म्हणाली.

'उकळलं.'

तिनं पुडी कपात टाकली. तिच्या जिभेची मला भीती नव्हती. वहिनीच्या तोंडात गरम आणि गार एवढ्या दोनच चवी आहेत.

पुढचं वर्षभर हेच. दर महिन्याला नवे डबे यायचे, वहिनी कामाला गेली की मी टेबलावर उपडे करायची. रोज दोन कप पेंढा प्यायची, आणि काय सांगू, मला तो गोड लागायला लागला. आपण कुणासाठी तरी काही सोडलंय, आणि तिला पत्ताही नाही, या विचारात एक मजा असते. ती मजा मी पुरेपूर घेतली. वहिनीनं चुकून माझा टॉवेल वापरला तरी मी मनात म्हणायची, घे बाई, वापर, तुला कुठे माहीत आहे मी काय केलंय तुझ्यासाठी. इतकी मोठी झाले होते मी स्वतःच्या नजरेत.

पहिले पंधरा दिवस वहिनी जरा घुम्यासारखी होती, असं आता आठवतं. तेव्हा मला वाटलं, मनगट दुखत असेल.

संध्याकाळी आम्ही दोघी चालायला जायचो. नदीकाठानं पुलापर्यंत आणि परत. एकदा पुलाजवळ ती मध्येच म्हणाली, 'ताई, तुम्हाला हाडांची फार भीती वाटते का हो?'

'वाटते की,' मी म्हटलं. 'कुणाला नाही वाटत? मोडून पडले तर मला उचलणार कोण?'

'मी आहे ना,' ती म्हणाली. त्या दिवसापासून चालताना ती रस्त्याच्या बाजूनं चालायला लागली, मला आतल्या बाजूला ठेवून. मला वाटलं, तिच्या अंगात ताकद येतेय, माझ्या पुड्यांचा गुण.

वर्ष संपलं. पुन्हा टेबलावर झोपलो, पुन्हा यंत्राचा हात सरकला. तीन आठवड्यांनी पुडीवालीनं सगळ्या बायकांना वेळ देऊन एकेकीला बोलावलं. आकडा सांगणार होती, आणि कुणाला खरा मिळाला, कुणाला खोटा, तेही. आधी वहिनी आत गेली. मी बाहेर बाकावर बसून माझ्याच हुशारीवर खूश होते.

दहा मिनिटांनी ती बाहेर आली. हातात कागद होता, चार घड्या घातलेला.

'अडीच,' ती म्हणाली.

'उणे अडीच?'

'हो. औषध सुरू करायचं. आठवड्याची एक गोळी.' ती माझ्या शेजारी बसली आणि पर्सचा बंद नीट केला. 'शिडी बंद. खरा चहा मिळाला होता म्हणे मला. तुम्ही जा आता, ती वाट बघतेय.'

खरा. तिला खरा. मी उठले आणि दार ढकललं.

आत पुडीवालीनं माझा कागद पुढे केला. उणे एक पूर्णांक नऊ. तुमची जरा सुधारलीच आहेत, ती म्हणाली, आणि गंमत बघा, तुम्हाला खोटा मिळाला होता.

'शक्यच नाही,' मी म्हटलं. 'सतरा नंबरचा चहा खरा होता. मी चाखणारी बाई आहे. त्यात दम होता, मागे कडवट होतं.'

ती हसली. 'सगळ्यांना तसंच वाटतं. खोटा बनवणं हेच सगळ्यात अवघड होतं. एका चहाच्या कारखान्यात मुख्य चाखणारे आहेत, त्यांनी करून दिला. धान्याचा कोंडा भाजायचा, वाफवायचा, आणि शेवटी एका झाडाची साल चिमूटभर, तीन आठवडे मुरवायची. म्हणाले, त्यांच्या आधीच्या बाईंची रीत आहे. पीक वाईट आलं होतं त्या वर्षी बाईंनी शोधून काढली होती, जीव नसलेल्या पानाला जीव आणायला.'

त्या बाई मीच. माझ्यानंतर माझ्या खुर्चीत बसला त्याला ती साल मी स्वतःच्या हातानं दाखवली होती, इतकीच घाल, याहून जास्त घातलीस तर लबाडी कळेल. माझ्याच हातची लबाडी माझ्या जिभेवर आली आणि मला ती ओळखीची वाटली. ओळखीची वाटली म्हणून खरी वाटली. चौतीस वर्षं कप थुंकून मी हे कमावलं.

मी पुडीवालीला सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी चाखला तिथपासून शेवटच्या डब्यापर्यंत. तिनं पेनाचं टोपण काढून टेबलावर ठेवलं, ते पुन्हा लावलं नाही. मग समोरच्या लांब यादीत सतरा आणि चव्वेचाळीस शोधून दोन्हींवर रेघ मारली.

'तुम्हा दोघींना काढावं लागेल,' ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. 'माझ्यासाठी दोन आकडे म्हणजे पुष्कळ असतात हो.'

'माझं चुकलं,' मी म्हटलं. 'आणि तिचं? तिची हाडं माझ्यामुळे गेली का?'

'ते मी सांगू शकत नाही. खरा पिणाऱ्यांतल्या काही जणींचा आकडाही उतरलाय. खोटा पिणाऱ्या काही जणींचा टिकलाय. या चहानं काही होतं की नाही, हेच अजून आम्हाला कळलेलं नाही. दोघींवरून तर काहीच ठरत नाही.'

तिनं मला दिलासा द्यायला हे सांगितलं असावं. मला त्याचा काही उपयोग झाला नाही. ठरत नाही म्हणजे माझ्यामुळे नाही असंही ठरत नाही. हे मला आता जन्मभर पुरणार होतं.

घरी येताना वहिनीला वाटलं असेल, मी तिच्या शिडीच्या विचारात आहे. घरी आल्यावर तिनं दार उघडलं, दारामागून शिडी काढली आणि गॅलरीत नेऊन ठेवली. मी वर्षानुवर्षं जे मागत होते ते झालं. मी म्हटलं, 'आण ती आत, फुगेल.' ती म्हणाली, 'आता फुगली काय आणि नाही काय.'

मग ती मशीनपाशी बसली. संगीताच्या शाळेचे पडदे शिवायला घेतले होते, उंच खिडक्या, आता लावायला दुसरं कुणीतरी जाणार. मी समोरच्या खुर्चीत बसले आणि मशीन थांबायची वाट बघितली. थांबलं, तसं सांगून टाकलं. मी तुझ्या डब्यातल्या पुड्या बदलत होते, वहिनी. पहिल्या दिवसापासून.

तिनं दोरा दातानं तोडला.

'माहीत आहे मला,' ती म्हणाली.

'काय माहीत आहे?'

तिनं मशीनचा खण उघडला. बटणांच्या डबीखालून दोन रिकाम्या पुड्या काढल्या, वाळून चपट्या झालेल्या, आणि माझ्यासमोर ठेवल्या.

'ही पहिल्या दिवसाची. टाके बघा, बारीक आहेत, बोटभर जागेत नऊ. ही दुसऱ्या दिवसाची. सहाच टाके, आणि दोरा सैल. दोन वेगळ्या मशीनवर शिवल्यात. एका रात्रीत माझ्या डब्यातली सगळी शिवण बदलली, ताई. तुमच्या डब्यात बघितलं तर नऊ टाक्यांच्या तिथे होत्या.'

'मग बोलली का नाहीस?'

'काय बोलणार? तुम्ही चाखलंत, तुम्हाला कळलं खरा कुठला, आणि तुम्ही तो घेतलात.'

ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली की मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकले.

'म्हणजे तुला वर्षभर वाटत होतं मी तुझा चोरला?'

'चोरला असं नाही.' तिनं कापड मांडीवर सरळ केलं. 'आधी आला राग. चांगला पंधरा दिवस होता. तुमच्याशी धड बोलत नव्हते, तुमच्या लक्षातही आलं नाही. मग पुलावर मी तुम्हाला विचारलं, भीती वाटते का, आणि तुम्ही म्हणालात वाटते. मग राग गेला. म्हटलं, ताईंना दुसरं आहे कोण? घ्यावंसं वाटलं तर घरातल्या माणसाचंच घेणार ना.'

मला रडू आलं. आवरत बसले नाही. वर्षभर मी तिच्यासमोर बसून मनातल्या मनात मिरवत होते, आणि ही समोर बसून मला माफ करत होती. आणि रस्त्याच्या बाजूनं चालत होती.

'मी तुला चांगला म्हणून दिला गं,' मी म्हटलं. 'मला माझ्यातला खरा वाटला. तुझी शिडी राहावी म्हणून माझा तुला दिला. आणि तो खोटा निघाला. माझ्याच हातचा खोटा.' आणि मग सालीची गोष्ट, कोंड्याची गोष्ट, सगळं सांगितलं.

वहिनी ऐकत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. मांडीवरचं कापड खाली पडलं तरी हसत होती.

'तुमची जीभ,' ती म्हणाली. 'तुमच्या जिभेला तुम्हीच फसवलंत.'

'हस, हस. माझं चुकलंच आहे.'

हसता हसता ती थांबली आणि दारामागच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. भिंतीवर शिडीच्या टोकांचे दोन डाग होते, पस्तीस वर्षांचे. तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून तिच्याजवळ गेले. मिठ्या मारायची सवय आम्हा दोघींनाही नाही, म्हणून मी नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले.

'हे चांगलं केलंत, सांगितलंत,' ती थोड्या वेळानं म्हणाली. 'घेतलात असं वाटलं, त्याचं मला काही नव्हतं. पण मला न सांगता घेतलात, त्याचं होतं थोडं.'

पुडीवालीनं पुढच्या अभ्यासाला नवा नियम घातला आहे म्हणे. चहा चाखणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या बायका घ्यायच्या नाहीत, आणि सगळ्या पुड्या एकाच मशीनवर शिवायच्या. वहिनी दर रविवारी सकाळी उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर गोळी घेते आणि डॉक्टरांनी सांगितलंय तशी अर्धा तास आडवी होत नाही. मी तिच्यासमोर बसते, घड्याळ लावून.

शिडी पुन्हा दारामागे आली. मीच आणली. हाडांच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं, मी चढले तर? ते म्हणाले, तुमची हाडंही काही लोखंडाची नाहीत, बाई. फार तर चौथ्या पायरीपर्यंत, आणि खाली कुणीतरी धरून पाहिजे. वहिनीनं उंच खिडक्यांची कामं सोडून दिली आणि चौथ्या पायरीवरून हात पोचेल तेवढीच घ्यायला लागली.

पहिलं काम एका दाताच्या दवाखान्यातलं होतं, बाहेरच्या खोलीतल्या तीन बुटक्या खिडक्या. बाकावर दोघं जण गाल धरून बसले होते आणि करमणूक झाल्यासारखे बघत होते. मी चौथ्या पायरीवर. चौथी पायरी खालून अगदी खालची दिसते. वरून तसं नाही. हातातला हूक दांड्यात जाईना.

'डावीकडे घ्या, ताई,' खालून वहिनी.

'डावीकडेच आहे.'

'अजून एक बोट. तुमचं नव्हे, माझं बोट.'

मी एक बोट सरकवलं. शिडी जराशी हलली, किंवा मला तसं वाटलं. मी दांडा घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले.

'वहिनी,' मी म्हटलं, 'मला भीती वाटते गं.'

'माहीत आहे मला,' ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी शिडी आणखी घट्ट धरली. 'लावा हूक. मी इथेच आहे.'